मांजराचा वाटा फोडणीआधी

आमच्या गल्लीत कुणाला अर्ज लिहायचा असो की बँकेचा फॉर्म भरायचा असो, माणसे आमच्या दारी येतात. चार बुके शिकलेल्याला सगळेच कळते, असा त्यांचा भाबडा विश्वास. गेल्या पावसाळ्यात शेजारची सहावीतली मुलगी मांजर पोटाशी धरून आली. "काका, माऊ दोन दिवस झाले काही खात नाही. अंग गरम लागतंय." आम्ही पेपरातून मानही वर न काढता म्हणालो, "तापाची अर्धी गोळी दुधातून दे."

दुसऱ्या दिवशी मांजराचे तोंड सुजले, हिरड्या काळपट पडल्या. तेव्हा आम्ही तिला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात धावलो. डॉक्टर म्हणाले, "पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. माणसाचे यकृत ती पचवते, मांजराचे नाही. रोज काय खाऊ घालता?" पोर म्हणाली, "दूध-भाकरी. रविवारी आमच्या ताटातला रस्सा." डॉक्टरांनी मान हलवली. कांदा-लसूण कच्चा असो की शिजवलेला, त्यानेही मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात.

संध्याकाळी मांजर गेले. "काका, मी तर औषधच दिलं ना?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून नंतर विचारून, वाचून जे समजले ते येथे देत आहोत.

मांजर जातीचेच मांसाहारी. भाकरीने त्याचे पोट भरते, अंग धरत नाही. दूध त्याला आवडते खरे. पण अंगावरचे पिणे सुटल्यावर बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, आणि हगवण लागते. मांसात टॉरिन नावाचे द्रव्य असते. ते पुरेसे मिळाले नाही तर मांजराची नजर जाते, हृदय कमजोर होते. १९८७ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डॉ. पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, असे हृदय बिघडलेली मांजरे टॉरिन दिल्यावर सुधारतात.

यासाठी फार खर्च करावा लागतो असे नाही. चिकनच्या दुकानात दिल आणि पोटा स्वस्तात मिळतो. दिलात टॉरिन भरपूर. घरी मटण-चिकन आणले की फोडणी टाकण्याआधीच मांजराचा वाटा वेगळा काढा. मीठ, मिरची, कांदा न घालता शिजवा. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी न फेकता त्यातच भात कुस्करून द्या. पण मांस जास्त, भात थोडा. शिजवलेली हाडे टोकदार फुटतात, ती देऊ नका. काळीज आठवड्यात एखादा लहान तुकडा पुरे. रोज दिले तर 'अ' जीवनसत्त्व साचून हाडे बिघडतात. सुकट खारट असते, ती नेहमी नको.

नुसत्या मांसात कॅल्शियम कमी पडते, म्हणून वाढत्या पिल्लांबाबत डॉक्टरांना अवश्य विचारा. ऐपत असेल तर मांजरासाठीचे तयार खाद्यही जोडीला द्यावे. कुत्र्याचे खाद्य मात्र चालत नाही. त्यात मांजरापुरते टॉरिन असेलच असे नाही.

मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, त्यामुळे ते पाणी कमी पिते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने टँकरच्या रांगा पाहिल्या आहेत. पाण्याची किंमत आपल्याला सांगायला नको. तरी वाटीभर स्वच्छ पाणी रोज बदलून ठेवा.

"ज्वारीच्या पोत्यामागचे उंदीर धरते, मग खाऊ कशाला घालायचे?" असे काहीजण म्हणतात. पोट भरलेले मांजरही शिकार करते. उलट, उपाशी मांजर औषध खाल्लेला उंदीर खाईल आणि स्वतःच मरेल. मांजर पाळलेल्या घरात उंदराचे औषध ठेवू नये.

त्या मुलीकडे आता नवे पिल्लू आहे. परवा ते शिंकत होते, म्हणून ती पुन्हा आली. या वेळी आम्ही पेपर बाजूला ठेवला आणि म्हणालो, "बाई, हे आम्हाला विचारू नको. चल, डॉक्टरांकडे जाऊ."