घरचा अभ्यास : ताळा पाहिल्याशिवाय उत्तर खरे मानू नका



मे महिन्यात विजयदुर्गला आतेबहिणीकडे गेलो होतो. वाघोटण खाडीच्या त्या सगळ्या पट्ट्यात तेव्हा हापूसचा हंगाम. ताई आंब्याच्या पेट्या भरायला जाते. मुकादमाने मजुरीच्या दोन पद्धती सांगितल्या होत्या. एक, दिवसाचे ४२० रुपये ठोक आणि शिवाय पेटीमागे ८ रुपये. दुसरी, ठोक काही नाही, पेटीमागे २० रुपये. हंगामभर एकच पद्धत राहणार आणि सकाळी सांगायचे होते. (आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी गोल केले आहेत.)

भाची नुकतीच नववीची परीक्षा देऊन बसलेली. तिने वही काढली. पेट्यांची संख्या क्ष मानली आणि दोन्ही मजुरी सारखी कधी होईल याचे समीकरण मांडले :

४२० + ८क्ष = २०क्ष

मांडणी अगदी बरोबर होती. पुढे तिने लिहिले, २८क्ष = ४२०, म्हणून क्ष = १५. "आये, पंधरापेक्षा जास्त पेट्या भरतेस ना? मग वीस रुपयेवालीच घे."

ताई चौथीपर्यंत शिकलेली. भाकरी थापता थापता म्हणाली, "पंधरा पेट्यांचे तीनशेच झाले गो. आणि थंय चारशे वीस तर बसल्या जाग्यार गावतत. मगे सारके कसे?"

पोरगी गप्प झाली. मित्रांनो, ताईने जे केले त्यालाच ताळा पाहणे म्हणतात. आलेली किंमत मूळ समीकरणात ठेवायची आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायच्या. डावी बाजू ४२० + १२० = ५४०. उजवी बाजू ३००. जुळत नाही, म्हणजे १५ ही उकल नव्हे.

चूक कुठे झाली? ८क्ष बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना वजा व्हायला हवे होते. ते अधिकच राहिले. दोन्ही बाजूंतून ८क्ष वजा केले की ४२० = १२क्ष, म्हणून क्ष = ३५. आता ताळा : ४२० + २८० = ७००, आणि २० × ३५ = ७००. जुळले.

एक लक्षात ठेवा. ताळा नेहमी पहिल्या, मूळ समीकरणातच पाहावा. मधल्या ओळीत पाहिलात तर वरची चूक पकडली जाणार नाही. १५ ही किंमत २८क्ष = ४२० मध्ये घाला, ती तिथे खुशाल जुळते!

मग आम्ही आलेख काढला. आडव्या क्ष-अक्षावर पेट्या, १ सेंमी = ५ पेट्या. उभ्या य-अक्षावर रुपये, १ सेंमी = १०० रुपये. पहिल्या पद्धतीचे बिंदू (०, ४२०), (१०, ५००), (३०, ६६०). दुसरीचे (०, ०), (१०, २००), (३०, ६००). रेषा काढायला दोन बिंदू पुरतात. तिसरा घ्यायचा तो ताळ्यासाठी. तीन बिंदू एका रेषेत आले नाहीत, तर कुठला तरी बिंदू चुकला असे समजा.

प्रत्येक पेटीमागे मजुरी सारखीच वाढते, म्हणून रेषा सरळ येते. ८ रुपयांची रेषा कमी चढाची, २० ची जास्त चढाची. जगात सगळेच असे सरळ वाढत नाही. विजयदुर्गच्या धक्क्यावर भरतीचे पाणी सुरुवातीला हळू, मध्ये भरभर आणि शेवटी पुन्हा हळू चढते. त्याचा आलेख वक्र येईल.

आमच्या दोन रेषा (३५, ७००) या बिंदूत छेदल्या. त्याच्या डावीकडे ठोक मजुरीची रेषा वर, उजवीकडे पेटीमागच्या मजुरीची. आलेखावरून वाचलेले उत्तर पेन्सिलीच्या जाडीने थोडे सरकू शकते, म्हणून तेही समीकरणात घालून पाहावे.

कोकण रेल्वेचा मार्ग बराचसा एकेरी आहे. तिथे गाड्यांचे वेळापत्रक बसवतानाही असाच आलेख लागतो. एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर स्थानके आणि प्रत्येक गाडीची एक रेषा. समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेषा जिथे छेदतात, तिथे एकीला बाजूला घेण्याची सोय असलेले स्थानक हवेच. गाडी थांबते तेवढा वेळ रेषा आडवी होते.

आता ताईकडे येऊ. गेल्या हंगामात तिने भिंतीवर कोळशाने रोजच्या पेट्यांच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. मोजल्या, तर बहुतेक दिवशी पंचवीसच्या आसपास पेट्या. चाळीसच्या वर अगदी थोडे दिवस. २५ पेट्यांना ठोक पद्धतीने ६२० रुपये, पेटीमागच्या पद्धतीने ५००. एका चिन्हाच्या चुकीपायी रोजचे १२० रुपये गेले असते. ताईने सकाळी ठोक पद्धत सांगितली.

पालकहो, तुम्हाला बीजगणित येत नसेल, तरी मुलांना एवढेच विचारा : "हे उत्तर घालून पाहिलेस का?" मुलांनो, आईने विचारले तर चिडू नका.

या आठवड्याचे गणित : एक टेम्पोवाला ६०० रुपये ठोक आणि किलोमीटरला १५ रुपये मागतो. दुसरा ३०० रुपये ठोक आणि किलोमीटरला २० रुपये. दोघांचे भाडे किती किलोमीटरला सारखे होईल? समीकरण सोडवा, आलेख काढा. उत्तर पुढच्या अंकात छापणार नाही. ताळा जुळला, तर तुमचे उत्तर बरोबर आहे. ते कोणाला विचारायची गरज नाही.