ग्रीकांचे पितर

सर्वपित्री अमावास्येस नांदेडास गोदावरीच्या घाटावर तिलांजली देऊन आम्ही घरी परतलो, तो मुलांनी विचारले, ‘प्राचीन ग्रीक लोक आपल्या पितरांस काय देत?’ ग्रीक आपणांस अगदीच परके नव्हेत. लातूरनजीकच्या तेरचे, म्हणजे प्राचीन तगराचे, नाव इ. स. च्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारग्रंथात आहे.

मृताच्या मुखी आपण सुवर्णकण व तुलसीपत्र ठेवितो. ते नाणे ठेवीत, खारोन नावाच्या नावाड्याचे भाडे म्हणून. आपली वैतरणी गोदानाने तरावयाची, त्यांची रोकडीने!

होमरच्या ‘ओडिसी’च्या 11 व्या सर्गात ओडिसियस मृतांस दूध-मध, मद्य, पाणी व सातूचे पीठ अर्पितो. मद्य सोडल्यास सामग्री ओळखीचीच. परंतु बळी दिलेल्या मेंढ्यांचे रक्त प्याल्यावाचून त्या छायांस वाचा फुटत नाही. त्याची आईही प्रथम त्यास ओळखीत नाही. मग ओळखते, बोलते. तो तीनदा तिला कवटाळू जातो. तिन्ही वेळा हात रिकामेच.

हे सांगताना आमचाच कंठ दाटला. मातोश्रींचे नाव त्याच सकाळी तर्पणात घेतले होते. धाकटा म्हणाला, ‘आजीने आपल्याला ओळखले असेल ना?’

आम्ही होकार दिला.