भागाकार चुकलाय

वर्ल्डकप जवळ आला की आमच्या बोईसरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो : ‘१४० कोटींच्या देशात अकरा पोरं मिळत नाहीत?’ खाली हसून रडणाऱ्या इमोजींची रांग. यंदा या मेसेजला नवी फोडणी मिळाली आहे. ११ जून २०२६ला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत सुरू होणाऱ्या स्पर्धेत पहिल्यांदाच ४८ संघ आहेत आणि त्यात क्युरासाव आहे. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. आपला पालघर जिल्हा २०११च्या जनगणनेतच जवळपास तीस लाखांचा होता. म्हणजे एकट्या पालघरात वीसेक क्युरासाव मावतात. आणि भारत? मार्च २०२४मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२, जूनमध्ये दोह्यात कतारकडून १-२, पात्रता फेरीच्या दुसऱ्याच टप्प्यात घरी.

कतारचा तो गोल चेंडू रेषेबाहेर जाऊन आला होता, हे खरं. आपण त्यावर महिनाभर बोललो. पण त्या एका गोलावर बोलणं सोपं असतं, म्हणूनच आपण बोललो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. चुकीच्या संख्येने भागलं की उत्तर कितीही दशांशांपर्यंत काढा, ते चूकच येतं. आणि १४० कोटी ही या गणितातली संख्याच नाही.

क्युरासावचंच बघा. त्या संघातले बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मले आणि तिथल्या क्लबांच्या अकादमींमध्ये शिकले. बेट छोटं असेल, पण त्यांच्यामागची शाळा जगातल्या सगळ्यात चांगल्या शाळांपैकी एक आहे. आइसलँडची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास होती, तेव्हा त्यांनी २०१६च्या युरोत इंग्लंडला हरवलं आणि २०१८चा वर्ल्डकप खेळला. त्याआधीची पंधराएक वर्षं ते हिवाळ्यात खेळता येईल अशी बंदिस्त मैदानं बांधत होते, शाळांशेजारी छोटी मैदानं करत होते आणि गावोगावी प्रशिक्षक तयार करत होते. २०१८चे त्यांचे मुख्य प्रशिक्षक हाल्ग्रिमसन पेशाने दातांचे डॉक्टर.

मग खरी संख्या कोणती? माझ्या मते ही : सहा ते बारा वयाची किती मुलं आठवड्यातून तीन दिवस, घरापासून सायकलच्या अंतरावर, शिकलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, स्वतःच्या पायाशी चेंडू घेऊन खेळतात? हा प्रश्न देशाला नको, बोईसरला विचारा. उत्तर द्यायला कॅल्क्युलेटर लागणार नाही.

२०१७मध्ये आपल्याकडे सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्डकप झाला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरही सामने झाले. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्य सरकारने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं ठरवलं आणि शाळाशाळांत चेंडू पाठवले. माझी मावशी तेव्हा पालघर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवायची. चेंडू आले, मुलं खेळली, फोटो निघाले, आणि चेंडू डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढून कपाटात गेले. मावशीला मी दोष देणार नाही. फुटला तर नवा कुठून आणायचा आणि नोंदीचा खुलासा कोण करायचा, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खेळवायचं कसं, हे तर नाहीच नाही.

कपाट उघडलं असतं तरी काय झालं असतं? तीस मुलं, एक चेंडू, चाळीस मिनिटांचा तास. एकेकाच्या वाट्याला सव्वा-दीड मिनिट. तेही धीट मुलं चेंडू सोडत नाहीत म्हणून मागच्या मुलींना तेवढंही नाही. दोघांत एक चेंडू दिला, तर तेच चाळीस मिनिटांत वीस होतात. बार्सिलोनाच्या ‘पद्धती’वर आपण रात्र रात्र वाद घालतो, पण पद्धतीची सुरुवात या भागाकारापासून होते.

इथे कुणीतरी शार्दूल ठाकूरचं नाव काढतं. ‘पालघर एक्सप्रेस’! जिद्द असली की होतं. मला शार्दूलचा अभिमान आहेच. पण त्या टोपणनावाकडे जरा नीट बघा. क्रिकेटसाठी मुलाला गाडी धरून मुंबई गाठावी लागली आणि शेवटी प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीत स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, तेव्हा पुढचं घडलं. ही लाड सरांच्या मोठेपणाची गोष्ट आहे. आपण ती पालघरच्या मोठेपणाची म्हणून सांगतो. ज्यांना लाड सर भेटले नाहीत, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत एवढंच. आणि फुटबॉलमध्ये तर तेरा-चौदाव्या वर्षी कुणीतरी शोधून काढेल म्हणून थांबून चालत नाही. चेंडूची ओळख त्याच्या कितीतरी आधी व्हावी लागते. सात वर्षांच्या पोराला चर्चगेट लोकलमध्ये कोण बसवणार?

फेडरेशनला शिव्या घाला, माझी ना नाही. ऑगस्ट २०२२मध्ये फिफाने भारतीय महासंघाला अकरा दिवस निलंबित केलं, ते उगाच नाही. पण बोईसरच्या मैदानाला कुलूप दिल्लीतून लागत नाही.

पैसे नाहीत, असंही म्हणू नका. तारापूर एमआयडीसी आपल्या दाराशी आहे. २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात ती देशात पहिली आली होती. तो वास आपल्या पोरांच्या छातीत रोज जातो. कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं की ठरावीक नफा किंवा उलाढाल ओलांडणाऱ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान दोन टक्के समाजासाठी खर्च करावेत. त्या खर्चाच्या यादीत खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रशिक्षण, असं. ट्रॉफी, टी-शर्ट आणि बॅनरवरचे फोटो असं नाही. एका डी-लायसन्स प्रशिक्षकाचा वर्षभराचा पगार मागा. नगरसेवक, सरपंच, कंपनीचा एचआर, ज्याला गाठता येईल त्याला मागा.

आणि आता स्वतःबद्दल. आठवड्यातून एकदा आम्ही दहा जण पैसे काढून रात्री तासभर टर्फ घेतो. जाळीला चिकटून काही मुलं उभी असतात. एमआयडीसीत काम करणाऱ्यांची, ओडिशाची, बिहारची, जवळच्या पाड्यांवरची. चेंडू बाहेर गेला की धावत जाऊन आणून देतात. त्यांचा चेंडूला स्पर्श होतो तो तेवढाच. कित्येक महिने मी फक्त ‘थँक यू’ म्हणत होतो. मग एकदा त्यातल्या एकाने चेंडू हाताने न देता पायाने दिला. वीस पावलांवरून, बरोबर माझ्या पायात. त्या दिवशी मला आमच्या ग्रुपवरचा मेसेज आठवला आणि लाज वाटली. अकरा पोरं मिळत नाहीत म्हणे. ती जाळीच्या पलीकडे उभी होती आणि आत आम्ही होतो, पोट सुटलेले दहा जण.

आमच्या सोसायटीत पार्किंगजवळ पाटी आहे, ‘बॉल खेळण्यास सक्त मनाई’. त्याच सोसायटीत फायनलसाठी प्रोजेक्टर लावायचं घाटतंय. फायनल आपल्याकडे २० जुलैला, मध्यरात्रीनंतर साडेबाराला. वर्गणी निघेल, मीही देईन. मी कमिटीपुढे एवढंच मांडलं आहे : त्याच वर्गणीत आठ-दहा चेंडू घ्या, रविवारी सकाळी दोन तास गाड्या बाहेर काढा, पाटी झाका, आणि गेट बाहेरच्या मुलांनाही उघडं ठेवा. शिकवायला कुणी मिळेपर्यंत मी उभा राहीन. पाऊस असेल तर उत्तमच, चिखलात फुटबॉल खेळायला कुणाची हरकत असते?

उत्तर अजून आलेलं नाही. मेसेज मात्र काल पुन्हा आला.