परक्या मुलखातला चहा: रे रोडपासून एक धागा

१/
लंडनला शिकायला गेलेल्या लालबागच्या एका मैत्रिणीचा परवा निरोप आला : "इथे सगळे मिळते, फक्त चांगला चहा मिळत नाही." तो मी वाचला रे रोड स्थानकाबाहेरच्या टपरीवर, हातात कटिंगचा ग्लास असताना. परदेशी गेलेल्या बहुतेक मराठी विद्यार्थ्यांची ही पहिली तक्रार असते. आजचा धागा तिच्याविषयी. माझे म्हणणे थोडक्यात असे : ज्याला आपण 'घरचा चहा' म्हणतो तो आपल्या घरात फार उशिरा आला, आणि तो चांगला की वाईट, हे दीर्घकाळ चवीवरून नव्हे, तर तो कोणाच्या हातचा आहे यावरून ठरत असे.

२/
आधी पानाविषयी. सुरतेचे वाणी गरम मसाला, खडीसाखर किंवा लिंबू घालून चहा घेतात, अशी नोंद १६८९ मध्ये तेथे आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने केली आहे. तो चहा चीनचा होता आणि त्याचा उपयोग औषधासारखा होई. आसामच्या मळ्यांतल्या चहाचा पहिला लिलाव जानेवारी १८३९ मध्ये झाला, तोही लंडनमध्ये. त्यानंतर कित्येक दशके भारतात पिकणारा चहा मुख्यतः इंग्रजांच्या कपांसाठीच पिकत होता. शहरांतल्या शिकलेल्या घरांत तो हळूहळू शिरला. शेतकऱ्याच्या चुलीपर्यंत पोहोचला नव्हता.

३/
रे रोडला ज्यांचे नाव आहे ते लॉर्ड रे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांची कारकीर्द संपली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्यात एक चहापान झाले. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी नामवंत मंडळी जमली होती; न्या. रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पाद्र्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी चहा प्याले, कोणी शिष्टाचार म्हणून कप हाती घेऊन बाजूला ठेवला. पुढे उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' या पत्रात छापून आली आणि शहरात वादळ उठले.

४/
प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, बहिष्काराचे शस्त्र उपसले गेले. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल सोसले. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. चहा हे पेय पुण्याला तेव्हा अपरिचित राहिले नव्हते, आणि तो कडू होता की फिका, हे कोणी विचारलेही नाही. प्रश्न एवढाच होता, की कप कोणाच्या हातून आला.

५/
ही नावे फोडणारे गृहस्थ होते गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती. आनंदीबाई १८८३ मध्ये समुद्र ओलांडून अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. ज्या घरातील स्त्री परक्यांच्या देशात, परक्यांच्या आसऱ्याने शिकून आली, त्याच घरातील पुरुषाने तीन वर्षांनी चहाच्या एका कपावरून पुणेरी प्रतिष्ठितांना उघडे पाडले. याला सूड म्हणावे, विनोद म्हणावे की ढोंगाची परीक्षा? मला तिसरा अर्थ पटतो. परदेश फार दूर नसतो, तो आपल्याच गावातल्या एका टेबलावर मांडलेला असतो, हे त्या कपाने दाखवून दिले.

६/
आता पुण्याहून पुन्हा मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर येऊ. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये झाला, अलेक्झांड्रा डॉक १९१४ मध्ये. मधल्या काळात, १९१० साली, रे रोड स्थानक सुरू झाले; कुर्ल्याहून येणारी हार्बर मार्गाची गाडी तेव्हा येथेच थांबे. गोदीतले हमाल, खलाशी, परळ-लालबागचे गिरणीकामगार कोकणातून आणि घाटावरून येत होते. त्यांच्यासाठी मुंबई हाच परमुलूख होता. गावी न्याहारी भाकरीची होती. चहाची रोजची सवय पुष्कळांना या शहराने लावली आणि चाकरमान्यांच्या गाठोड्यातून ती गावोगाव पोहोचली.

७/
ही सवय आपोआप लागली नाही. १९०३ मध्ये चहा-उपकराचा कायदा झाला. निर्यातीच्या चहावर बसवलेल्या त्या उपकराच्या पैशातून प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी आणि कारखान्यांत चहाचे ठेले उभे राहिले. चहामुळे कामगार ताजातवाना होतो, हे मालकांना पटवण्यात आले. रेल्वे स्थानकांवर चहा विकणारे आले, चहा कसा करावा हे शिकवणारे फलक लागले. कामगाराची चहाची सुटी ही पूर्वजांची देणगी नव्हे. ती मळेवाल्यांनी योजलेली आणि कामगारांनी आपलीशी केलेली गोष्ट आहे.

८/
'आपलीशी केलेली' हा शब्द महत्त्वाचा. प्रचारकांना अपेक्षित असलेला चहा म्हणजे उकळत्या पाण्यात पत्ती मुरवून वर थोडे दूध. टपरीवाल्यांनी पूड कमी घातली, दूध-साखर वाढवली, आले-वेलची टाकली आणि सगळे एकत्र रटरट उकळले. प्रचारकांच्या दृष्टीने हा बिघडवलेला चहा होता. आज परदेशात बसून आपण ज्याच्यासाठी उसासे टाकतो, तो हाच.

९/
इराण्यांचे हॉटेल हीदेखील परक्यांनीच घडवलेली संस्था. यझ्द-केरमानकडून आलेल्या माणसांच्या देशात चहा कोरा पितात, साखरेचा खडा तोंडात धरून. मुंबईत त्यांनी चहात दूध घातले, सोबत ब्रून-मस्का ठेवला. कयानी १९०४ मधले, ब्रिटानिया १९२३ मधले. परक्या मुलखात चांगला चहा कसा मिळवावा, याचे त्यांनी दिलेले उत्तर सरळ होते : मिळत नसेल तर करावा, यजमानांना रुचेल असा करावा आणि दुसऱ्यालाही पाजावा.

१०/
मात्र या आठवणी रंगवताना सावध असावे. डॉ. आंबेडकर न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिकून १९१७ मध्ये परतले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिले आहे. बडोद्यात नोकरीवर रुजू होताना त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी म्हणून नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्यानंतरही महाराष्ट्रातल्या किती गावांत चहाच्या हॉटेलाबाहेर दलितांचा कप वेगळा ठेवलेला असे, आणि पिऊन झाल्यावर तो ज्याचा त्याने धुवायचा असे! ज्यांच्या वाट्याला तो कप आला, त्यांना चांगल्या चहासाठी परदेशात जाण्याची गरज नव्हती. त्यांचा परदेश गावच्या वेशीपासूनच सुरू होत होता.

११/
म्हणून मैत्रिणीला मी दोन गोष्टी कळवल्या. पहिली पाककृतीची. आपल्या कडक चहाचा जीव सीटीसी पुडीत आहे. ती करणारे यंत्र आसामात १९३० च्या दशकात निघाले आणि स्वातंत्र्यानंतर सर्वत्र पसरले. म्हणजे 'परंपरागत' चवही फार तर आजी-आजोबांच्या वयाची. इंग्लंडातल्या साध्या, स्वस्त पिशव्यांत बहुधा केनियाची नाहीतर आसामची तसलीच पूड असते. पिशवी फाड, आले ठेच, दूध-पाणी एकत्र उकळ. खोट चहात नाही, पद्धतीत आहे.

१२/
दुसरी गोष्ट अशी, की तो चहा एकटी पिऊ नकोस. शेजारच्या खोलीत जो कोणी असेल त्याला बोलाव आणि कप सारखेच ठेव. हे लिहीत होतो तेव्हा टपरीवर दारूखान्यात जहाजे तोडणारे चार कामगार उभे होते, उत्तर प्रदेश-बिहारकडचे. टपरीवाल्याने त्यांच्यापुढे आणि माझ्यापुढे एकाच तबकातले ग्लास ठेवले. यात विशेष काही घडले असे कोणालाच वाटले नाही. पण इतिहास शिकणाऱ्याने तेवढे तरी पाहावे. १८९० च्या पुण्यात ज्यावरून बहिष्कार पडले आणि कित्येक गावांत ज्यासाठी वेगळा कप होता, ते आज येथे कोणाच्या लक्षातही येत नाही. चांगल्या चहाची माझी व्याख्या एवढीच.

तुमच्या घरात चहा कोणत्या पिढीत आला? आणि वेगळा कप कोणासाठी होता? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, दोन्ही प्रश्न एकदमच विचारा, आणि उत्तरे खाली लिहा.