विश्लेषण : डायनोवरचा आकडा किती खरा? जुन्या ‘पोलो’ची ताकद वाढवताना काय तपासावे?

फोक्सवॅगनची ‘पोलो’ २०२२ मध्ये भारतात बंद झाली. तरीही चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या ‘पोलो जीटी टीएसआय’चे चाहते कमी झालेले नाहीत. पहिल्या मालकाने विकलेली अशी एखादी गाडी धाराशिव जिल्ह्यातील मुरुमसारख्या गावात येते, तेव्हा सोबत एक कागदही येतो. त्यावर चढता आलेख आणि खाली ठळक आकडा असतो : १३० किंवा १४० अश्वशक्ती. विकणारा त्या आकड्यावर भाव सांगतो, घेणारा त्याच आकड्यावर विश्वास ठेवतो. हा आकडा येतो कुठून, त्याला कायद्यात किती किंमत आहे आणि गाडीच्या दुरुस्तीत त्याचा उपयोग होतो का, याचा हा आढावा.

चर्चा आताच का?

भारतात पोलो २०१० मध्ये आली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यामुळे सुरुवातीच्या पोलोंची मुदत २०२५ पासून संपू लागली असून त्यांना नोंदणीचे नूतनीकरण करावे लागत आहे. २०१३ मध्ये आलेल्या ‘जीटी टीएसआय’वर ही वेळ २०२८ पासून येईल. नूतनीकरणाआधी गाडीची तपासणी होते आणि तेव्हा गाडी नोंदणी प्रमाणपत्राशी जुळावी लागते. दुसरीकडे, छोट्या वेगवान गाडीची हौस नव्या गाडीवर भागवणे महाग झाले आहे. फोक्सवॅगनने मे २०२५ मध्ये ‘गोल्फ जीटीआय’ आयात करून भारतात आणली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ५३ लाख रुपये होती. साहजिकच अनेकांची नजर जुन्या पोलोकडे वळते.

‘रीमॅप’ म्हणजे नेमके काय?

जीटी टीएसआयचे मूळ इंजिन ११९७ सीसीचे, चार सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन होते. कंपनीच्या माहितीनुसार त्याची कमाल शक्ती १०५ पीएस आणि टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. २०२० मध्ये बीएस-६ मानकांसोबत त्याची जागा ९९९ सीसीच्या तीन सिलिंडर इंजिनाने घेतली. त्याची शक्ती ११० पीएस, टॉर्क तेवढाच. 

टर्बो इंजिनात किती हवा दाबून भरायची, किती इंधन सोडायचे आणि ठिणगी कधी पाडायची हे ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक ठरवतो. कंपनी हे आकडे सगळ्या देशांतील पेट्रोल, उन्हाळा, प्रदूषण मानके आणि वॉरंटी डोळ्यांसमोर ठेवून राखीव सोडते. रीमॅपमध्ये ही राखीव जागा वापरली जाते. पाना-स्क्रूड्रायव्हर हातात न घेता, ओबीडी सॉकेटला लॅपटॉप जोडून नवी फाइल टाकली जाते. त्यामुळेच बाहेरून पाहून गाडीत बदल झाला आहे की नाही हे कळत नाही. त्यापुढच्या टप्प्यात एअर फिल्टर, इंटरकूलर, सायलेन्सर आणि काही वेळा उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही बदलला जातो.

डायनोवर काय मोजले जाते?

चेसिस डायनोमोमीटर म्हणजे जमिनीत बसवलेले जड रोलर. गाडी पट्ट्यांनी बांधतात, चाके रोलरवर फिरवतात आणि समोर मोठा पंखा लावतात. एका प्रकारात ठरावीक वजनाचा रोलर किती वेळात किती वेग घेतो यावरून हिशेब होतो. दुसऱ्या प्रकारात विद्युत ब्रेकने रोलरला अडवून जोर मोजतात. दोन्हींत मोजला जातो तो चाकापर्यंत पोहोचलेला जोर, इंजिनातून निघालेला नव्हे.

शक्ती वेगळी मोजली जात नाही, ती टॉर्क आणि फेऱ्यांवरून काढतात. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९५४९ ने भागले की किलोवॅट मिळतात. जीटी टीएसआय ५००० फेऱ्यांवर १०५ पीएस, म्हणजे सुमारे ७७ किलोवॅट देते. उलटा हिशेब केला तर त्या क्षणी टॉर्क सुमारे १४७ न्यूटन-मीटर उरतो. कमाल टॉर्क खालच्या फेऱ्यांवर आणि कमाल शक्ती वरच्या फेऱ्यांवर, हे गणित त्यातून कळते. रोजच्या वापरात ओव्हरटेक करताना कामाला येतो तो आलेखाचा मधला भाग, टोकाचा आकडा नव्हे.

एकाच गाडीचे दोन आकडे कसे?

इंजिन आणि चाक यांच्यामध्ये गिअरबॉक्स, शाफ्ट आणि टायर असतात. त्यात काही शक्ती खर्च होते. ती किती, हे बहुतेक ठिकाणी गृहीत धरले जाते. समजा, रीमॅपनंतर चाकावर ११० पीएस मिळाले. घट १५ टक्के धरली तर इंजिनाची शक्ती सुमारे १२९ पीएस येते. घट २० टक्के धरली तर तीच गाडी, त्याच फेरीत, १३७ पीएसची होते. इंजिनात काहीही न बदलता आठ पीएस वाढले.

दुसरी फट हवामानाची आहे. गरम आणि विरळ हवेत इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो. म्हणून निकाल प्रमाण हवामानात बदलून सांगण्याची सूत्रे आहेत. प्रचलित ‘एसएई’ सूत्रात प्रमाण तापमान २५ अंश आहे. बाकी सगळे सारखे ठेवून हवा ४० अंशांवर असेल, तर हे सूत्र आकडा सुमारे तीन टक्के वाढवते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने हवेच्या कमी दाबाची भर त्यात आणखी पडते. मात्र टर्बो इंजिनाचा संगणक ही तूट बऱ्याच अंशी स्वतःच जादा दाब देऊन भरून काढतो. मग सूत्राने तीच तूट पुन्हा भरली की कागदावरची गाडी रस्त्यावरच्या गाडीपेक्षा ताकदवान दिसते.

म्हणून डायनोचा एकटा कागद फारसे सांगत नाही. त्याच यंत्रावर, त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये बदलापूर्वी आणि बदलानंतर घेतलेल्या दोन फेऱ्यांमधला फरक मात्र खरे बोलतो.

दुरुस्तीत डायनोचा उपयोग होतो का?

होतो, आणि खरे तर हाच त्याचा अधिक चांगला उपयोग आहे. फेऱ्या चढतात पण रोलरचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, याचा अर्थ क्लच घसरतो आहे. मध्येच टॉर्क खचला तर टर्बोच्या पाइपमधून हवा गळत असू शकते. सायलेन्सरमध्ये सेन्सर लावून हवा-इंधनाचे प्रमाण पाहता येते आणि स्कॅनरवर ठिणगी मागे खेचली जात असेल तर इंजिनात ‘नॉकिंग’ होत असल्याचे कळते. रस्त्यावर हे तपासायचे तर वेग मर्यादा मोडावी लागते. रोलरवर गाडी जागीच असते.

जीटी टीएसआयमध्ये या तपासणीला विशेष महत्त्व आहे. तिच्या सात गिअरच्या ‘डीएसजी’ गिअरबॉक्समध्ये दोन कोरडे क्लच आहेत आणि त्या गिअरबॉक्सची रचना २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी आहे. मूळ १७५ न्यूटन-मीटरला मोठा राखीव भाग होता. रीमॅपने तो कमी होतो. भर उन्हाळ्यात आणि कोंडीत कोरडे क्लच आधीच तापतात, त्यात हा जादा ताण येतो. शिवाय या गाडीला मागे ड्रम ब्रेकच आहेत. वेग १०० वरून १२० झाला तर गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते आणि ती सगळी ब्रेकला पचवावी लागते. डायनोच्या आलेखात ब्रेकची रेघ नसते.

मुरुमसारख्या गावात अडचण कुठे येते?

पहिली अडचण अंतराची. खासगी डायनो पुणे, मुंबई, बेंगळुरू, कोइम्बतूर अशा शहरांत आहेत. उमरगा तालुक्यातील मुरुमहून पुणे तीनशे किलोमीटरहून लांब. त्यामुळे गाडी न पाहता दुरून पाठवलेली तयार फाइल टाकण्याचा मोह होतो. त्या फाइलला दहा वर्षे चाललेल्या गाडीचा झिजलेला क्लच, जुने स्पार्क प्लग किंवा गळका पाइप माहीत नसतो.

दुसरी अडचण इंधनाची. अनेक फाइल ९५ ऑक्टेनचे पेट्रोल गृहीत धरतात, पण प्रीमियम पेट्रोल प्रत्येक पंपावर मिळत नाही. आता पंपावर येणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ऊस पिकवणाऱ्या मुरुम परिसराला इथेनॉल नवे नाही, पण जुन्या पोलोच्या इंजिनाला ते नवे आहे. इथेनॉलमुळे नॉकिंगला विरोध वाढतो हा फायदा. मात्र लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते आणि जळताना हवेचे प्रमाणही वेगळे लागते. ईसीयू हा फरक काही मर्यादेपर्यंत सांभाळतो. जादा शक्तीसाठी इंजेक्टर आधीच टोकाला नेले असतील तर पूर्ण भारावर मिश्रण विरळ होण्याचा धोका असतो. त्यामुळे वर्षांपूर्वी वेगळ्या पेट्रोलवर काढलेला आलेख आजच्या पेट्रोलसाठी तसाच लागू होईल, असे धरून चालता येत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज आणि वायुप्रदूषणाची मानके मोडणारी गाडी चालवल्यास कलम १९० (२) नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, शिवाय तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरतो.

कायद्यात ‘रीमॅप’ हा शब्द नाही आणि त्यामुळे सीसी किंवा इंधनाचा प्रकारही बदलत नाही. त्याचा आधार घेऊन अनेकजण हा बदल बिनधोक मानतात. पण गाडीला मिळालेली मंजुरी त्या मॉडेलच्या ठरावीक इंजिनासाठी आणि उत्सर्जनासाठी असते. फाइल बदलली की ते मोजमाप लागू राहत नाही. बदल आधीच्या मालकाने केला असला, तरी रस्त्यावर गाडी अडवली गेली की उत्तर चालवणाऱ्यालाच द्यावे लागते.

पीयूसी मिळाले म्हणजे गाडी नियमात आहे का?

नाही. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीची तपासणी उभ्या जागी, भार नसताना होते. त्यात मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. रीमॅपचा परिणाम दिसतो तो भारावर. मंजुरीच्या वेळी मात्र गाडी डायनोवर ११८० सेकंदांच्या ठरावीक चक्रातून चालवली जाते. पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या संस्थांत हे काम होते. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांसाठी प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची चाचणीही आली. म्हणजे ट्यूनर आणि सरकारमान्य संस्था दोघेही रोलरच वापरतात, पण एक शक्ती मोजतो, दुसरी धूर मोजते. पहिल्याचा कागद आरटीओत चालत नाही.

विम्याचे काय?

बदलाची माहिती विमा कंपनीला दिली नसेल तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि ‘स्पीड टेस्टिंग’साठीचा वापर वगळलेला असतो. हे वाक्य बहुतेक मालक अपघातानंतरच वाचतात.

मधला मार्ग आहे का?

सीएनजी किटसाठी तो आहे. मंजूर किट, अधिकृत केंद्र, आरटीओत नोंद. अपंग व्यक्तींसाठीच्या बदलांनाही वाट आहे. जर्मनीत सुट्या भागासोबत तज्ज्ञ संस्थेचा अहवाल येतो, तपासनीस बसवलेला भाग पाहतो आणि बदल गाडीच्या कागदांत नोंदवला जातो. भारतात शक्ती वाढवणाऱ्या बदलासाठी सामान्य मालकाला अशी परवडणारी सोय नाही. उत्पादकाने स्वतः ताकदवान गाडी मंजूर करून विकणे हा एक मार्ग. रांजणगावात तयार झालेली १४५ पीएसची ‘अबार्थ पुंटो’ २०१५ मध्ये अशीच आली होती, पण ती फार काळ टिकली नाही. परिणामी हौस संपत नाही, ती नोंदीबाहेर जाते. आणि नोंदीबाहेरच्या गाडीचे ब्रेक, टायर, क्लच कोणीच तपासत नाही. बंदी आणि मोकळीक यांच्यामध्ये चाचणी करून मान्यता देणारी पायरी नसणे, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

तोवर मालकाने काय करावे?

जुनी गाडी घेताना आलेख दाखवला तर चार गोष्टी विचाराव्यात : आकडा चाकाचा की इंजिनाचा, घट किती टक्के धरली, हवामानाची सुधारणा लावली का आणि बदलापूर्वीची फेरी कुठे आहे. उत्तर मिळाले नाही तर त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. मूळ फाइल आणि काढलेले मूळ भाग मागून घ्यावेत, कारण पुढे नूतनीकरणाच्या वेळी तेच लागतील. रीमॅपवर होणारा खर्च आधी टायर, ब्रेक पॅड, कूलंट आणि क्लचच्या तपासणीवर करावा. उमरग्यावरून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद मार्गासारख्या चौपदरी महामार्गावर कारसाठी केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. तिथवर पोहोचायला कारखान्यातून आलेले १०५ पीएस पुरेसे आहेत.