ट्रेलरमध्ये लिथियम: नुसती बॅटरी बदलून भागेल?

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांचे दर गेल्या काही वर्षांत बरेच उतरलेत. त्यामुळे अमेरिकेत गाडीमागे जोडायच्या ट्रॅव्हल ट्रेलरमधली लेड-ॲसिड बॅटरी काढून लिथियम बसवायचा विचार अनेक जण करतात. फायदा उघड आहे. १०० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिडमधली निम्मीच वीज वापरलेली बरी. लिथियममधली जवळजवळ सगळी वापरता येते. वजनही निम्म्याहून कमी.

पण खरी गोम चार्जिंगमध्ये आहे. लिथियमला साधारण १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात. जुना कन्व्हर्टर १३.६ वरच थांबला, तर बॅटरी पूर्ण भरायला फार वेळ लागतो किंवा ती भरतच नाही. उलट गाडी चालू असताना हीच बॅटरी अल्टरनेटरकडून जास्त करंट खेचते. बारीक वायर तापते, फ्यूज उडू शकतो. म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा. शिवाय शून्य अंशाखाली चार्जिंग नकोच, त्याने सेल कायमचे खराब होतात.

थोडक्यात, बॅटरीच्या किमतीत कन्व्हर्टर, चार्जर आणि फ्यूजचा खर्चही धरा. मगच स्वस्त की महाग ते ठरवा. घरच्या इन्व्हर्टरला लिथियम जोडणार असाल, तरी आधी हेच बघा: त्यात लिथियम मोड आहे का?