सहकाऱ्याची गोळी आणि एफ्टा करार

मागच्या आठवड्यात अनगोळला आमच्या घरी बँकेतले जुने सहकारी आले होते. चहाच्या आधी खिशातनं गोळी काढली. इमॅटिनिब, रक्ताच्या कर्करोगावरची. २००७ पासून रोज चालू आहे. "हिच्या जिवावर पेन्शन खातोय बघा," म्हणाले.

त्या गोळीचा हिशेब मला पाठ आहे. एफडी मोडायची की नाही ते आम्ही दोघांनी बसून ठरवलं होतं. भारतीय कंपनीची गोळी तेव्हा महिन्याला आठ-दहा हजार. नोव्हार्टिसची ग्लिवेक लाखाच्या वर. मोडून मोडून किती एफडी मोडणार?

१९७० च्या आपल्या कायद्यात औषधावर पेटंट नव्हतं, ते बनवायच्या पद्धतीवर होतं. १९९५ मध्ये आपण जागतिक व्यापार संघटनेत गेलो आणि ट्रिप्स करार गळ्यात आला. व्यापाराच्या करारात औषधाचा मालक कोण हेही ठरू लागलं. २००३ अखेर नोव्हार्टिसला ग्लिवेक एकट्यानं विकायचा हक्क मिळाला, तो त्याच करारातल्या अटीपोटी. २००५ पासून औषधावरही पेटंट आलं. वाचलो ते कलम ३(ड) मुळं. जुन्या औषधाचं नुसतं रूप बदललं, गुण वाढला नाही, तर पेटंट नाही. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानंही तेच धरलं.

मला वाटलं, मिटलं. कुठलं काय!

१० मार्च २०२४ ला स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाईन यांच्याशी एफ्टा करार झाला. पाचच दिवसांनी पेटंटचे नियम बदलले. पेटंटवालं औषध देशात मिळतं की नाही, ते कंपनीनं दरवर्षी कळवायचं होतं. आता तीन वर्षांतून एकदा. पेटंट मिळण्याआधी हरकत घ्यायला फी नव्हती, आता लागते. क्षयातून उठलेल्या नंदिता वेंकटेशन यांनी अशीच हरकत घेतली होती, म्हणून मार्च २०२३ मध्ये मुंबई पेटंट कार्यालयानं बेडाक्विलिनवरचं वाढीव पेटंट नाकारलं.

शोध लावणाऱ्याला पैसा मिळावा. मी कॉमर्सवाला, भांडवलावर परतावा मलाही कळतो. पण असा करार करायला संसदेची आधी मंजुरीही लागत नाही, हे मला पटत नाही. सही होण्याआधी औषधांचं प्रकरण लोकांसमोर ठेवायला काय हरकत आहे?

खासदारांना पत्र लिहायला घेतलंय. मराठी झालं, इंग्रजी झालं. माझं कन्नड बँकेच्या काउंटरपुरतंच. कुणी तिसरं लिहून देईल काय?